झेन्झीची शेवटची सकाळ

"हिला कुणी बोलावलं?"

सेव्हेरीनचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर नोटबुर्गाला तो सोसला असता. पण उंबऱ्यात उभ्या असलेल्या सख्ख्या बहिणीकडे न बघता, तिच्या खांद्यावरून पलीकडच्या बर्फाकडे बघत त्याने तो प्रश्न घरातल्यांना विचारला, आणि स्वयंपाकघरातल्या लाकडी बाकांवर बसलेली माणसं हातातले चमचे हातातच धरून थिजून गेली. नोटबुर्गाच्या हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेला खसखशीचा केक होता. अजून कोमट होता. अकरा वर्षांनी ती या दारात आली होती... या दारात, जिथे तिचा जन्म झाला, जिथे आई गेल्यावर तिने याच भावाला मांडीवर घेऊन घास भरवले होते!

"मी बोलावलं, बाबा," आतून आफ्रा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्या साखरपुड्याचं जेवण आहे. मला एकच आत्या आहे."

"तुला आईसुद्धा एकच होती."

बस्स. विषय संपला. आफ्राचा होणारा नवरा कीलियन बिचारा इन्सब्रुकचा शाळामास्तर. तो अर्धवट उठून "या ना, बसा ना" असं पुटपुटला, आणि सेव्हेरीनने नुसतं त्याच्याकडे बघितल्यावर पुन्हा खाली बसला. नोटबुर्गाने केक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आफ्राकडे तिने एकदाच डोळे भरून पाहिलं. आईचं, झेन्झीचंच कपाळ, झेन्झीचीच जिवणी... आणि डोळे मात्र असे, की जणू कुणी आतून कडी लावून घेतली आहे.

"सुखी राहा, पोरी," ती म्हणाली आणि वळली.

हिंटरमोस गावाच्या उतरत्या रस्त्यावर दुपारचं ऊन पडलं होतं. तीन दिवस अखंड कोसळून सकाळीच थांबलेला बर्फ छपरांवर गादीसारखा जाड बसला होता. मागून कुणी तरी धापा टाकत येत होतं. गीडी. सेव्हेरीनचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्यासारखाच डोंगरातला वाटाड्या, गावात सगळ्यांची थट्टा करणारा आणि कुणाचंही वाईट न चिंतणारा.

"बुर्गीताई, थांब की! हरणासारखी काय पळतेस? माझं गुडघ्याचं यंत्र गंजलंय."

"जा रे बाबा, जेवण निवेल तुझं."

"निवू दे. त्या घरात आता सूप काय, तोंडातला घासही गोठेल."  मग तो खाली बघत म्हणाला, "उद्या अकरा वर्षं होतात ना... सेव्हेरीन पोरांना घेऊन वर जाणार आहे. झिल्बरकारला. म्हणतो, लग्नाआधी पोरीने आई जिथून उतरली त्या वाटेने उतरायचं, तिच्या क्रुसापाशी फुलं ठेवायची. मीही आहे बरोबर."

नोटबुर्गा थांबली. गावावर उभ्या असलेल्या डोंगरकड्याकडे तिने वळून पाहिलं. कड्याच्या माथ्यावरून बर्फाचा बारीक पांढरा धूर उत्तरेकडे उडत होता.

"वारा फिरलाय, गीडी. दक्षिणेचा झालाय. सगळा बर्फ उचलून झिल्बरकारच्या उतारावर नेऊन टाकतोय. बघ ना!"

"बघितलं. मी बोललोही त्याला. तो म्हणतो, सकाळी खड्डा खणून बर्फाचे थर पक्के आहेत का ते बघू. तूच सांगितलं असतंस तर..." गीडीने जीभ चावली.

मी सांगितलं असतं तर! नोटबुर्गा कडवटपणे हसली, आणि गावाच्या टोकाच्या, जिथून पुढे फक्त जंगल आणि डोंगर, त्या आपल्या एकट्या घराकडे चालू लागली.

चौसष्ट वर्षांची होती ती. एके काळी या खोऱ्यात वाटाड्याचा बिल्ला मिळवणारी पहिली बाई. हिवाळा आला की स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून ती माणसांना मागे न घसरता पायी पायी डोंगरमाथ्यावर चढवायची, आणि माथ्यावर पट्ट्या सोडून, जिथे कुणाचंही पाऊल पडलेलं नाही अशा पिठासारख्या कोवळ्या बर्फातून खाली आणायची. तिने लग्न केलं नाही. सेव्हेरीनला तिने वाढवलं, डोंगर शिकवला. त्याची बायको क्रेसेन्झ, म्हणजे सगळ्यांची झेन्झी, घरात आली तेव्हा तिलाही स्कीवर उभं केलं. आणि पाच वर्षांच्या आफ्राच्या कमरेला दोरी बांधून पहिला उतार तिनेच उतरवला. सुट्टीच्या दिवशी हे सारं घर आणि गीडीसारखी दोनचार मित्रमंडळी मिळून डोंगरावर निघत. पाठीवरच्या पिशवीत पाव, सुकवलेलं मांस, गरम चहाची बाटली... सुख म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं तर नोटबुर्गाने त्या रांगेकडे बोट दाखवलं असतं.

आणि मग तो फेब्रुवारीतला दिवस आला होता.

सेव्हेरीन परगावच्या पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या खोऱ्यात गेला होता. वर गेल्या त्या तिघीच. नोटबुर्गा, झेन्झी आणि पंधरा वर्षांची आफ्रा. झिल्बरकारच्या माथ्यावर नोटबुर्गाने डाव्या कडेची धार दाखवली. एकेकीने उतरायचं, धार सोडायची नाही, मधल्या खोलगट उतारात अजिबात शिरायचं नाही. झेन्झी आधी उतरली आणि खालच्या मोठ्या खडकापाशी हात हलवत उभी राहिली. आफ्रा निघताना नोटबुर्गाने तिला बजावलं. एकदा नव्हे, तीन वेळा बजावलं. "आईच्या खुणेतूनच जा. कळलं? उजवीकडे जायचं नाही. आफ्रा, ऐकतेयस ना?" "हो गं आत्या, किती वेळा!" पोर हसली... आणि सहा वळणांनंतर, उजवीकडे पसरलेल्या त्या न मोडलेल्या, उन्हात चमचमणाऱ्या बर्फाचा मोह तिला आवरला नाही.

नवं कापड टर्रकन फाडावं तसा आवाज झाला. साऱ्या उताराला आडवी भेग गेली. आफ्राला त्या लोटाने कडेला फेकलं. ती कमरेइतकी रुतली, पण वाचली. लोट मात्र तिला ओलांडून खाली गेला, खडकावरून गेला, आणि जिथे झेन्झी हात हलवत होती तिथे काहीच उरलं नाही. गळ्यातल्या सिग्नलच्या यंत्रांनी जागा सापडली. पण पुरुषभर खोल होती ती. आत्या आणि भाची खणत राहिल्या, फावड्यांनी खणलं, हातांनी खणलं... झेन्झीचा चेहरा मोकळा झाला तेव्हा तो अगदी शांत होता, आणि त्या शांततेनेच नोटबुर्गाला सारं सांगितलं.

"मी मारलं," आफ्रा म्हणत होती. रडत नव्हती, नुसती म्हणत होती. "मी आईला मारलं. मी मारलं, आत्या."

त्या क्षणी नोटबुर्गाला समोर दिसला तो नऊ वर्षांचा सेव्हेरीन! धाकट्या बहिणीला, रोझलला, घसरगाडीवर बसवून तो गोठलेल्या तळ्यावर घेऊन गेला होता, आणि बर्फ फुटून रोझल गेली होती. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांच्या बापाने आपल्या मुलाशी एक शब्द उच्चारला नाही. एकाच टेबलावर जेवत, एकाच गोठ्यात धारा काढत, पण शब्द नाही! रात्र रात्र दातओठ चावून रडणाऱ्या त्या पोराला नोटबुर्गानेच छातीशी धरलं होतं. एखाद्या लेकराच्या माथी मरण मारलं की त्याचं काय होतं, हे तिने जवळून पाहिलं होतं. पुन्हा नाही... पुन्हा या घरात नाही!

तिने आफ्राचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"ऐक. तू माझ्या सांगण्यावरून गेलीस. मी म्हणाले, त्या उतारावरून जा. कुणीही विचारलं तरी एवढंच सांगायचं. बाबांनासुद्धा! शपथ आहे तुला माझी."

चौकशी झाली, तेव्हा नोटबुर्गाने तेच सांगितलं आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला. सेव्हेरीनलाही तिने तेच सांगितलं. तो एवढंच म्हणाला होता, "माझ्यापुरती तूही त्या बर्फाखालीच गेलीस." गावाने तोंड फिरवलं नाही, पण सोबत डोंगरावर यायला कुणी बोलावलंही नाही. तिने स्की गोठ्यातल्या आढ्याला टांगून ठेवल्या त्या ठेवल्याच. हे सारं तिने मुकाट सोसलं. एकच गोष्ट तिला समजली नव्हती, जी रोज काट्यासारखी सलत होती... जिच्यासाठी हे केलं ती आफ्रा तिच्याकडे यायची का थांबली? शिकायला म्हणून गेली, ती सणासुदीलाही आत्याच्या घरावरून मान खाली घालून जायची. आज अकरा वर्षांनी तिने बोलावणं पाठवलं, म्हणून तर म्हातारी पहाटे उठून खसखस वाटत बसली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती चौघं तिच्या खिडकीसमोरून वर गेली. सेव्हेरीन पुढे, मग आफ्रा, मग कीलियन, शेवटी गीडी. गीडीने तेवढा हात वर केला. आफ्राच्या पिशवीला पिवळ्या फुलांची जुडी बांधलेली होती.

नोटबुर्गा बकऱ्यांना गवत घालत होती. वर बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण नजर गेलीच. माथ्यावरचा धूर कालच्यापेक्षा दाट झाला होता आणि हवेत एक प्रकारची ऊब होती. फेब्रुवारीत नसावी अशी, दक्षिणेच्या वाऱ्याने आणलेली फसवी ऊब. तिने हातातलं गवत टाकलं. आढ्याखाली शिडी लावली. स्की खाली काढल्या. पट्ट्यांचा डिंक केव्हाच सुकून गेला होता. पेंढ्या बांधायच्या सुतळीने तिने त्या स्कीला आवळून बांधल्या आणि त्यांच्या मागावर निघाली.

जंगल संपेपर्यंत तिचा श्वास भात्यासारखा वाजू लागला. पाय जुने झाले होते. पण पाय विसरले नव्हते. सरकव, टेक, सरकव, टेक... झाडं संपली तशी पायाखालचा बर्फ एकाएकी "हुम्म" करून दबला, खालचा पोकळ थर बसल्यासारखा. उतार सुटून कोसळण्याआधीची ही खूण तिच्या ओळखीची होती. चौघं पुढच्या सपाटीवर दम खायला थांबलेली दिसली; धारेच्या पायथ्याशी, जिथून माथ्याची चढण सुरू होते.

"सेव्हेरीन!" ती ओरडली. "थांब! वर चढू नकोस!"

ती धापा टाकत पोहोचली. गीडी पुढे होऊन तिला धरायला गेला. सेव्हेरीनने स्कीची काठी बर्फात रोवली.

"हिला म्हणावं घरी जा."

"जाते. तुम्ही खाली चला, मग जाते. खड्डा खणलास? थर बघितलेस?"

"मला बर्फ शिकवतेस?" पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांत अकरा वर्षांचं जहर होतं. "धारेने जाणार आहोत आम्ही. मधे शिरणार नाही."

"आज धारही नको. वारा रात्रभर तिच्यावर बर्फ लादतोय. सेव्हेरीन, तुझ्या पाया पडते! जायचंच असेल तर माझ्या अंगावरून जा."

खरोखरच ती वाटेत आडवी उभी राहिली. सुतळीने बांधलेल्या स्की, विस्कटलेले पांढरे केस, थंडीने निळे पडलेले ओठ... कीलियनने घाबरून आफ्राकडे पाहिलं.

"वा!" सेव्हेरीन ओरडला. "आज अक्कल सुचली! अकरा वर्षांपूर्वी ही अक्कल कुठे शेण खायला गेली होती? तेव्हा अशी आडवी का नाही पडलीस? माझ्या पोरीला तेव्हा का नाही सांगितलंस की तिकडे जाऊ नको म्हणून?"

"सांगितलं होतं!"

आवाज आफ्राचा होता. इतका चिरका, इतका अनोळखी, की क्षणभर कुणाला कळलंच नाही कोण बोललं.

"आफ्रा, गप्प बस!" नोटबुर्गा कळवळून म्हणाली.

"अकरा वर्षं गप्पच बसलेय ना, आत्या! आणखी किती बसू?" तिने हातातल्या काठ्या टाकून दिल्या. "सांगितलं होतं, बाबा. तीन वेळा सांगितलं होतं तिने. मी 'हो' म्हटलं आणि तरी गेले. मला तो बर्फ हवा होता... मला पहिली रेघ माझी हवी होती. आई खाली हात हलवत होती. मला वाटलं, ती 'ये' म्हणतेय. ती 'नको' म्हणत होती, बाबा! ती मला 'नको, नको' म्हणत होती!"

ती गुडघ्यांवर कोसळली. अकरा वर्षं कोंडलेला तो आक्रोश त्या पांढऱ्या, निर्जन पसाऱ्यात असा फुटला, की गीडीने टोपी काढून तोंडावर धरली. कीलियन बर्फातच तिच्याशेजारी बसला. सेव्हेरीन हलला नाही. मग हळूहळू, म्हातारं झाड वाकावं तसा तो वाकला, आणि आफ्राचं डोकं त्याने आपल्या पोटाशी घट्ट धरलं.

"माझं पोर..." एवढंच तो म्हणाला. "माझं पोर गं!"

नोटबुर्गाने डोळे मिटले. इतक्या वर्षांत तिने ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो क्षण येऊन उभा होता, आणि त्यात राग नव्हता... त्यात नुसता एक बाप होता.

पण सेव्हेरीनने मान वर केली तेव्हा त्याची नजर तिच्यावर होती.

"तुला वाटलं, मी आपल्या बापासारखा वागेन?" तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "मी? ज्याने ते भोगलं तो? तू मला कुशीत घेऊन झोपवायचीस... आणि तू मला एवढंच ओळखलंस?"

नोटबुर्गा खाली वाकून आफ्राने टाकलेल्या काठ्या गोळा करू लागली.

फुलं त्या सपाटीवरच बर्फात खोचली गेली. सगळी माणसं जंगलाच्या वाटेने खाली आली. पुढे गीडी, मधे पोरं, मागे नोटबुर्गा. सेव्हेरीन सगळ्यांच्या शेवटी, एकटा. तिच्या दारावरून तो न थांबता गेला.

झिल्बरकारचा उतार त्या दिवशी सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साऱ्या महिन्यात तो तसाच गुळगुळीत, पांढरा, निरागस उभा राहिला, आणि गावात दोनचारजण म्हणालेही, की बुर्गी उगाच घाबरली. नोटबुर्गाने कुणाशी वाद घातला नाही.

आफ्रा मात्र त्या संध्याकाळीच पिशवी घेऊन आत्याकडे आली आणि राहिली. तिसऱ्या दिवशी शेगडीपाशी बसून दोघी बटाटे सोलत असताना नोटबुर्गाने शेवटी विचारलंच.

"इतकी वर्षं माझ्याकडे का आली नाहीस गं? मी तुला कधी एका शब्दाने तरी..."

"म्हणूनच!" आफ्रा म्हणाली. "तू एका शब्दानेही बोलली नाहीस म्हणून. तुला बघितलं की मला माझं खोटं दिसायचं, आत्या. लोक तुला नावं ठेवायचे आणि मी बाजूला उभी राहून ऐकायचे. मला वाटायचं, तू एकदा तरी माझ्या थोबाडीत मार..." तिने सुरी खाली ठेवली. "तुला ठाऊक आहे? मी आईसाठी कधी रडले नाही. पुरताना नाही, नंतर नाही. भीती वाटायची, की रडायला लागले तर खरं तोंडातून निसटेल. परवा वर पहिल्यांदा रडले. अकरा वर्षांनी माझी आई मेली, आत्या!"

 आपण या लेकराच्या डोक्यावरचं ओझं उचललं, अशा समाधानावर नोटबुर्गा जगली होती. त्या समाधानाच्या उबेत तिने भावाचा तिरस्कार, गावाचा दुरावा, सारं पोटात घातलं होतं. आणि आज कळत होतं, की ओझं उचललंच गेलं नव्हतं. तिने नुसतं त्यावर एक दगडी झाकण ठेवलं होतं, आणि पंधरा वर्षांच्या पोरीला त्याच्यासकट आत कोंडून घातलं होतं.

"चुकलं गं माझं," ती कशीबशी म्हणाली. आयुष्यात कुणापाशी तिने हे शब्द उच्चारले नव्हते. "मला वाटलं होतं, मी तुला वाचवलं."

"वाचवलंस की," आफ्रा तिच्या मांडीवर डोकं टेकत म्हणाली. "बर्फातून वाचवलंस. पुढचं मात्र मला माझं रडू द्यायला हवं होतंस."

 बटाट्यांसाठी शेगडीवर ठेवलेलं पाणी आटून गेलं.

आफ्रा आठवड्याने इन्सब्रुकला परतली. जाताना बापाकडे दोन दिवस राहिली. तो तिच्याशी मायेने बोलला, तिच्या केसांवरून हात फिरवला, पण आत्याचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचा. नोटबुर्गा रोज खिडकीत बसायची. मार्च उजाडला. छपरांवरून पाणी ठिबकू लागलं. गीडी एकदा येऊन गेला. "तो कुणाशीच बोलत नाही, बुर्गीताई. तुझ्यावर रागावलाय की स्वतःवर, ते त्याचं त्यालाच ठरवता येत नाहीये. वाट बघ."

"मला दुसरं काय येतं, गीडी?" ती म्हणाली.

तो आला एका रविवारी, दुपारी. ती मांसाचे तुकडे घातलेले पावाचे गोळे वळत होती. दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. सेव्हेरीन आत येऊन उभा राहिला. या अकरा वर्षांत तो किती म्हातारा झाला होता ते तिने आज जवळून पाहिलं. दाढी पांढरी, एक खांदा झुकलेला...

"आफ्राला माफ करायचा प्रश्नच नव्हता," तो उभ्याउभ्याच म्हणाला, जणू वाटभर पाठ करत आला होता. "तिने तोंड उघडलं त्याच क्षणी ते झालं. तुला माफ करणं जड जातंय, ताई."

ताई! नोटबुर्गाच्या हातातला गोळा मोडला.

"नको करूस," ती म्हणाली. "पण बस. जेवून जा."

तो बसला. टेबलाच्या लाकडावरून बोट फिरवत राहिला.

"बापासारखा होईन अशी भीती वाटली तुला. झालोच की मी. पोरीशी नाही, तुझ्याशी झालो. एका गावात राहून... त्याने मला जे केलं, तेच मी तुला केलं. आणि तू ते ओळखत होतीस. रोज ओळखत होतीस."

"मीच तुला खोटं सांगितलं होतं रे. तुला खरं कळलं असतं तर तू तसा वागला नसतास. मी तुला संधीच दिली नाही."

"तू खरं सांगितलं नाहीस, तरी मी एकदा विचारायला हवं होतं. एकदा! की ताई, तू असं कसं सांगशील पोरीला?" त्याने तळहातांनी चेहरा झाकला. "विचारलं नाही. मला कुणी तरी हवं होतं राग करायला. तू आयती समोर उभी राहिलीस."

सूप उकळू लागलं. ती उठली, भांडं बाजूला ओढलं, आणि भावाच्या मागे उभी राहून तिने त्याच्या झुकलेल्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो हात धरला, सोडला नाही. दोघंही मुकाट अश्रू ढाळत होती. म्हाताऱ्या माणसांना रडताना आवाज करायची ताकद उरत नाही.

मग सेव्हेरीनने हळूच विचारलं,

"ताई, झेन्झी त्या दिवशी काय बोलली?"

"कधी?"

"सकाळी. चढताना. मी नव्हतो ना. मी पहाटेच निघून गेलो होतो, ती झोपलेली होती. आफ्राला विचारायची कधी हिंमत झाली नाही... आणि दुसरं माणूस तूच होतीस, आणि तुझं मी तोंड बघत नव्हतो." त्याचा आवाज फाटला. "अकरा वर्षं मला माहीत नाही, माझी बायको शेवटच्या दिवशी काय बोलली ते."

 हे नोटबुर्गाच्या कधी मनातच आलं नव्हतं! तिचं काय गेलं, आफ्राचं काय गेलं, याचा हिशेब तिने कितीदा केला होता. पण या माणसाची ती एक सकाळ आपल्यापाशी इतकी वर्षं पडून आहे, हे तिला सुचलंच नव्हतं.

ती त्याच्यासमोर बसली. डोळे पुसले.

"तुझ्या तक्रारी करत होती," ती म्हणाली. "जंगल संपेपर्यंत. म्हणे, सेव्हेरीन पहाटे उठतो आणि घरभर बुटांचा असा आवाज करतो की मेलेलं माणूस उठेल. मी म्हटलं, मग उठायचं, चहा करून द्यायचा. तर म्हणाली, 'छे गं, डोळे मिटून पडून राहते. तो जाताना कपाळावर ओठ टेकवतो ना, ते जागेपणी टेकवायला लाजतो. म्हणून झोपेचं सोंग घेते.'"

सेव्हेरीनच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच फुटला.

"मग टाचेला फोड आला तिच्या. बसली एका ओंडक्यावर, मोजा काढून. आफ्राला म्हणाली, तुझ्या बापाने आणलेत हे बूट, मापाचा अंदाज नाही मेल्याला, पण रंग बघ किती छान आणलाय! मग तिघींनी पाव खाल्ला. माथ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन आलं होतं. ती नुसतं बघत उभी राहिली. म्हणाली, 'बुर्गी, तो असता तर काही बोलला नसता. माझा हात धरून उभा राहिला असता.' मग टोपी कानांवर ओढली, आणि हसत हसत निघाली..."

नोटबुर्गा थांबली. पुढचं दोघांनाही माहीत होतं.

भांड्यातलं सूप निवत होतं. बाहेर छपरावरचा बर्फ घसरून धप्पकन अंगणात पडला. सेव्हेरीनने मान वर केली नाही. ओल्या डोळ्यांनी, एखाद्या लहान मुलासारखा टेबलावर वाकून तो म्हणाला,

"पुन्हा सांग, ताई. पहाटेपासून सांग."

आणि तिने पुन्हा, पहाटेपासून सांगायला सुरुवात केली.